सतरावा माणूस

त्या हिवाळ्यात आमच्या घरी जितके पोहे झाले, तितके त्याआधी कधी झाले नव्हते आणि नंतरही झाले नाहीत. आमचं गाव आयोवात. शेतीची यंत्रं बनवणारा एक कारखाना, त्याच्याभोवती पसरलेली घरं, आणि घरं संपली की थेट आकाशापर्यंत कापणी झालेली मक्याची शेतं. एरवी आमची बेल वाजली तर पोस्टमन असायचा. पण राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण असावा हे देशात सगळ्यात आधी आयोवातली माणसं सांगतात, आणि त्या वर्षी उमेदवारही भरपूर होते, त्यामुळे ऑक्टोबरपासूनच आमच्या दारात कुठल्या ना कुठल्या उमेदवाराचा प्रचारक उभा असायचा. लाल झालेलं नाक, हातात कागदांचं पॅड, बुटांना चिखल. बाबा दार उघडायचे आणि म्हणायचे, “कम इन, कम इन, इट इज व्हेरी कोल्ड.” पाठोपाठ स्वयंपाकघरातून मोहरी तडतडल्याचा आवाज यायचा. शिकागोला चार तास गाडी चालवत जाऊन डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांतून आणलेले जाड पोहे आई एरवी जपून वापरायची. त्या महिन्यांत मात्र शनिवार-रविवारी सकाळी पोहे भिजवताना ती आमच्या तिघांच्या मापावर आणखी दोन मुठी टाकायची. कोणी आलं तर असावेत, म्हणायची.

मला हे अजिबात सहन व्हायचं नाही. आलेला माणूस निळ्या पाटीचा असो की पिवळ्या पाटीचा, बाबा त्याच्यासमोर बसून मान हलवायचे. “गुड पॉइंट,” म्हणायचे. “व्हेरी गुड कँडिडेट,” म्हणायचे. तो माणूस लिंबू पिळलेले पोहे खात खात बाबांच्या नावापुढे काहीतरी खूण करायचा आणि खूश होऊन जायचा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या उमेदवाराचा माणूस यायचा आणि तोही तितकाच खूश होऊन जायचा. उमेदवारांची नावं मी इथे लिहिणार नाही. ज्यांच्यापायी आम्ही एकाच घरात एकमेकांची तोंडं बघायचं सोडलं, त्यांच्यातल्या एकालाही आमचं घर कुठल्या रस्त्यावर होतं हे सांगता येणार नाही. आई त्यांना लोकांच्या अंगणातल्या पाट्यांच्या रंगावरून ओळखायची. निळा, पिवळा आणि हिरवा. मीही तेच ठेवते.

मी हिरव्याची होते. नुसती बाजूची नाही, पूर्ण वेडी झालेली. हिरवा युद्ध थांबवणार होता. बाकीचे दोघं युद्धाबद्दल इतकं जपून बोलायचे की त्यांना ते हवंय की नकोय हे कळायचं नाही. तो आमच्या शाळेच्या जिममध्ये येऊन गेला होता. आवाज बसलेला, कोटाचं एक बटण तुटलेलं. भाषण झाल्यावर त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि तुझी मदत लागणार आहे म्हणाला. सतराव्या वर्षी आपल्याला असं कोणी म्हटलं की माणूस कामातून जातो. शाळा सुटली की मी त्याच्या ऑफिसात जाऊन फोन करायचे, शनिवारी दारोदार फिरायचे, आणि नाताळच्या आत त्यांनी मला आमच्या वस्तीची प्रमुख करून टाकलं. नोव्हेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणाऱ्यांना तिकडे सतराव्या वर्षीही भाग घेता येतो. शिवाय त्या भागात हिरव्याला दुसरं कोणी मिळालं नव्हतं, हेही खरं.

आयोवातली ही रीत ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. तिथे मतपत्रिका नसते, पडदा नसतो, पेटी नसते. जानेवारीतल्या एका संध्याकाळी वस्तीतले सगळे एका खोलीत जमतात आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन चक्क उभे राहतात. मग डोकी मोजतात. आपला शेजारी, आपला दातांचा डॉक्टर, आपल्या शाळेतली बाई कुठे उभी आहे ते सगळ्यांना दिसतं. ज्या कोपऱ्यात जमलेल्यांच्या पंधरा टक्के माणसं भरत नाहीत तो कोपरा बाद होतो. पण बाद ठरवण्याआधी अर्धा तास देतात. त्या वेळात कोणीही इकडचा तिकडे जाऊ शकतो, त्यासाठी शेजारी शेजाऱ्याच्या मिनतवाऱ्या करतो. मग दुसऱ्यांदा मोजतात आणि तो आकडा खरा; त्यात बाद झालेल्यांना तेवढं दुसरा कोपरा धरता येतो. लोकांना ही पद्धत मोठी गोड वाटते. दर चार वर्षांनी टीव्हीवाले तिची वर्णनं करून डोळे पुसतात. मला ती तेव्हाही क्रूर वाटायची आणि आजही वाटते. आता मी सनीव्हेलला राहते. मतपत्रिका टपालाने घरी येते, मी ती जेवणाच्या टेबलावर एकटी बसून भरते आणि नवऱ्यालाही दाखवत नाही.

तर बाबा. माझे बाबा होयबा आहेत असं मी ठरवून टाकलं होतं आणि कित्येक वर्षं त्याचे पुरावे गोळा करत होते. घरी दोन व्हॅक्यूम क्लीनर होते, कारण विकायला दोन वेगवेगळी माणसं आली होती. आम्ही तीन चर्चच्या पॅनकेक ब्रेकफास्टला जायचो. कारखान्यातल्या लोकांना ‘श्रीकांत’ म्हणता यायचं नाही, म्हणून बाबांनी ‘श्री’वर समाधान मानलं होतं. ते दोन टॉवर पडले तेव्हा मी सहावीत होते, सांगलीहून येऊन दोनच वर्षं झाली होती. वर्गातल्या एका मुलाने सगळ्यांसमोर मला विचारलं, तुझे वडील त्या लोकांना ओळखतात का? मी घरी येऊन रडले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या गाडीच्या काचेला छोटा अमेरिकन झेंडा लावलेला होता. शेजाऱ्यांनी दिला, नाही कसं म्हणायचं, असं म्हणाले. त्या मुलाचा मला जितका राग आला नव्हता तितका त्या झेंड्याचा आला. तो फडफडून फडफडून चिंध्या होईपर्यंत मी गाडीत मागच्या सीटवर, दुसऱ्या बाजूला बसायचे.

या आगीत तेल ओतायला खरे आडनावाचे एक काका होते. ते नागपूरचे, बाबांच्याच कारखान्यात, अजून व्हिसावर. त्यांना त्या निवडणुकीत काडीचाही अधिकार नव्हता आणि त्यांच्याइतकं जोरात कोणी बोलत नव्हतं. शनिवारी संध्याकाळी ते आमच्याकडे जेवायला यायचे आणि आमटीचा पहिला भुरका मारल्यापासून उमेदवारांना धुवायला घ्यायचे. ते स्थळं बघितल्यासारखे उमेदवार बघायचे. हा दिसायला बरा पण घराणं नाही, त्याचं घराणं आहे पण तोंड उघडलं की संपलं. निळा आला तर आपल्या नोकऱ्या भारतात जातील, पिवळा आला तर भारतातून येणारे बंद होतील.

“आणि हा तुझा हिरवा, मनू,” ते मला म्हणायचे, “पोरींना आवडतो, बस. चार महिन्यांत गायब होईल यार.”

“ॲट लीस्ट ही हॅज अ स्पाइन,” मी म्हणायचे. रागात असले की माझी मराठी पळून जायची.

“स्पाइनचं सोड. तुझ्या बाबांना विचार कोण पाहिजे ते. श्रीकांत, सांग ना. सिटिझन झालास, शंभर प्रश्न पाठ केलेस, हात वर करून शपथ घेतलीस. आता सांग, कोण?”

बाबा भात कालवत म्हणायचे, “सगळ्यांचं थोडं थोडं बरोबर आहे.”

“झालं! होयबा!” काका टेबलावर हात मारायचे. तो शब्द त्यांचाच, मी उचलला. बाबा हसायचे. आई मात्र हसायची नाही. ती काकांच्या पानात न विचारता आणखी भात वाढायची, म्हणजे तोंड भरलेलं राहील. आईने स्वतः नागरिकत्व घेतलेलं नव्हतं, आपला भारताचा पासपोर्ट ती कपाटात साड्यांखाली ठेवायची आणि मला उगाच कोणाला मत द्यायचं नाही म्हणायची. पण बाबांना कोणी काही बोललेलं तिला खपायचं नाही. तिला खपायचं नाही हेही मला खपायचं नाही. त्या वर्षी मला एकूण काहीच खपत नव्हतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला मी बाबांसमोर हिरव्याचं कार्ड ठेवलं. प्रत्येक उमेदवाराची अशी छापील कार्डं असत. मी अमक्याच्या कोपऱ्यात उभा राहीन, खाली नाव, फोन आणि सही. मी वाद घालायची तयारी करून आले होते. बाबांनी चष्मा लावला, कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं आणि सही केली. मी म्हटलं, “बाबा, प्रॉमिस? तिथे सगळ्यांसमोर उभं राहायचंय.” ते म्हणाले, “तू आहेस म्हटल्यावर येणारच की मी.” मी ते कार्ड ऑफिसात नेऊन दिलं. आमच्या वस्तीत साधारण एकशे दहा माणसं जमतात, म्हणजे सतरा लागणार होती. माझ्या यादीत मला धरून बरोबर सतरा होती. सतरावं नाव बाबांचं.

नाताळनंतर दोन दिवसांनी मी गावातल्या लायब्ररीतून घरी आले. आई भाजी आणायला गेली होती, फोनच्या मशीनचा लाल दिवा लुकलुकत होता. बटण दाबलं तर ग्लेनचा आवाज. ग्लेन म्हणजे कारखान्यातले बाबांचे वरिष्ठ, जाडजूड, मोठ्याने हसणारे, निळ्याचे आमच्या वस्तीतले प्रमुख. ते म्हणत होते, श्री, तुझं कार्ड माझ्याकडे आहे, थँक यू, गुरुवारी आमच्या कोपऱ्यात भेटू. मी तो निरोप तीनदा ऐकला. मग बाबा घरी येईपर्यंत कोट न काढता तिथेच बसून राहिले.

“तुम्ही ग्लेनचंही कार्ड सही केलंत?”

बाबा बूट काढत होते. “अगं, त्याने लंचला समोर ठेवलं. तू आणायच्या आधीच. आपल्या ग्रीन कार्डाच्या वेळी त्याने पत्र लिहिलं होतं ना. आणि मागच्या वर्षी बर्फाने तीन दिवस लाइट गेले तेव्हा जनरेटर कोणी आणून दिला? आता अशा माणसाला तोंडावर...”

“मग मला तोंडावर सांगायचं!”

“तुलाही कसं नाही म्हणणार?”

“बॉसला घाबरता तुम्ही. बस, एवढंच आहे.”

“घाबरत नाही गं. शब्द दिला.”

“दोघांना? दोघांना शब्द देणं म्हणजे शब्द नसतो, बाबा. इट्स लाइंग.”

त्यांनी दुसरा बूट काढला आणि दोन्ही बूट चटईवर नीट जोडून ठेवले. “बघतो मी,” म्हणाले. “यातून काहीतरी मार्ग असेल.” मी वर गेले आणि दार आपटलं. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलले नाही. सात दिवस. जेवायला बसायचे, मीठ हवं असेल तर आईला सांगायचे, आणि मीठ बाबांच्या हाताशी असायचं. ते बरणी सरकवायचे, मी न बघता घ्यायचे. आज माझी मुलगी दोन तास अबोला धरते तर माझा जीव वरखाली होतो. त्यांनी सात दिवस कसे काढले कोण जाणे. ते रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पक्षाच्या नियमांची छापील पुस्तिका घेऊन बसत, हातात पिवळा मार्कर. नागरिकत्वाच्या परीक्षेच्या वेळीही असेच बसत. मला वाटलं, नाटक आहे.

गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला निघालो. थर्मामीटर शून्याच्या खाली किती गेला होता ते सांगत नाही, पण गाडीच्या सीट्स लाकडासारख्या झाल्या होत्या. माझ्या मांडीवर आईने दिलेला चिवड्याचा मोठा डबा होता. तिथे प्रत्येक कोपरा लोकांना ओढायला काहीबाही खायला ठेवतो, निळ्यांकडे कुकीज असत, पिवळ्यांकडे कुठलं तरी गरम सूप. वस्तीच्या कोपऱ्यावर बाबांनी गाडी हळू केली. “मनू, ऐक जरा. तिथे दोन वेळा मोजतात, माहीत आहे ना तुला? मी काय म्हणतो...” मी कानात इअरफोन घातले. गाणं लावलेलंही नव्हतं. त्यांनी आणखी काहीतरी म्हटलं, ते मला ऐकू येत होतं आणि मी ऐकलं नाही. शब्द आज आठवायला गेलं तर आठवत नाहीत, नुसता आवाज आठवतो, समजावणीचा.

शाळेचं कँटीन, जिथे मी रोज दुपारी जेवायचे. टेबलं घडी करून भिंतीला लावलेली, फरशीवर बर्फाचं पाणी आणि मीठ, तळलेल्या बटाट्याचा रोजचा वास. भिंतींवर रंगीत कागद चिकटवलेले. मिसेस हॅन्सन, निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई, खुर्चीवर चढून उभ्या होत्या, गळ्यात दोरीला कॅल्क्युलेटर. सगळे रांगेत नाव नोंदवत होते आणि नोंदवून झालं की माझ्या डब्यात हात घालत होते. निळे, पिवळे, सगळ्यांनी चिवडा खाल्ला. “व्हॉट इज धिस, इट्स अमेझिंग,” म्हणत खाल्ला आणि आपापल्या कोपऱ्यात गेले. एकशे तेरा माणसं झाली. मिसेस हॅन्सननी कॅल्क्युलेटरवर बोट मारून जाहीर केलं, सतरा.

मी माझ्या हिरव्या कागदाखाली उभी होते आणि माणसं मोजत होते. पंधरा, सोळा. बाबा दारापाशी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग हळूहळू, कोटाची चेन वरखाली करत, खोली ओलांडून ग्लेनच्या शेजारी जाऊन उभे राहिले. ग्लेननी त्यांच्या कोटावर निळा स्टिकर चिकटवला आणि पाठीवर थाप मारली. निळ्यांकडे पन्नासच्या वर माणसं होती. त्यांना एका माणसाची काहीही गरज नव्हती.

मिसेस हॅन्सननी आकडे वाचले. हिरवा, सोळा. एकाने कमी. आता अर्धा तास, त्या म्हणाल्या, ज्यांना जागा बदलायची असेल त्यांनी बदला. लगेच गलका सुरू झाला. पिवळ्यांकडची दोन माणसं आमच्याकडे येऊन आमच्यातल्या एका म्हाताऱ्या जोडप्याला गळ घालायला लागली, हा तुमचा बाद होतोय, आमच्याकडे या. ते जोडपं माझ्याकडे बघत होतं. बाकीचे पंधराही जण माझ्याकडे बघत होते, कारण त्यांना सतरा पक्के आहेत असं सांगणारी मीच होते. मी निळ्या कोपऱ्याकडे बघितलं. बाबा ग्लेनशी काहीतरी बोलत होते. मग त्यांनी माझ्याकडे वळून हात जरा वर केला, तळवा पुढे. लहानपणी रस्ता ओलांडताना करायचे तसा. थांब, येतोय. त्याचा अर्थ मला कळला नव्हता असं मी अनेक वर्षं स्वतःला सांगितलं. कळला होता. मला थांबायचं नव्हतं. मला त्यांना सगळ्यांसमोर पकडायचं होतं, वर्षानुवर्षांच्या पुराव्यांसकट.

“दॅट्स माय डॅड!” मी ओरडले. माझा आवाज केवढा लागला हे मलाच कळलं नाही. “ही साइन्ड अवर कार्ड टू! आस्क हिम! ही सेज येस टू एव्हरीबडी! ही डझन्ट बिलीव्ह इन एनीथिंग!”

हा माणूस सगळ्यांना हो म्हणतो, याचा कशावरच विश्वास नाही. माझ्या बापाबद्दल, त्यांच्या कारखान्यातल्या लोकांसमोर, माझ्या शाळेतल्या बाईंसमोर, आमचा चिवडा चघळणाऱ्या एकशे तेरा माणसांसमोर. कोणीतरी हसलं. मग कोणीच हसलं नाही. ग्लेन बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “इट्स ओके, श्री.” बाबांनी तो हात हळूच बाजूला केला. कोटावरचा निळा स्टिकर काढला, चिकट बाजू आत घेऊन त्याची घडी घातली, खिशात टाकली. मग टोपी घातली. मग एक हातमोजा, मग दुसरा. इतक्या सावकाश की मला वाटलं आता ते काहीतरी बोलतील. दाराकडे जायला त्यांना आमच्या कोपऱ्यावरूनच जावं लागलं. माझ्यापाशी क्षणभर थांबले आणि मराठीत, नेहमीच्या आवाजात म्हणाले, “मी गाडीत बसतो. तुझं झालं की ये.”

दुसऱ्यांदा मोजलं तेव्हाही सोळाच. हिरवा बाद. म्हातारं जोडपं पिवळ्यांकडे गेलं, बाकीचे जिथे ओळखीचं तोंड दिसलं तिथे गेले. मी घडी केलेल्या टेबलाला टेकून फरशीवर बसले आणि कुठेच गेले नाही. सगळं संपल्यावर ग्लेन रिकामा डबा माझ्याकडे घेऊन आले. त्यांनी तो नळाखाली धुऊन आणला होता. म्हणाले, “युअर डॅड्स अ गुड मॅन, यू नो.” मी डबा घेतला आणि त्यांना थँक यू म्हटलं नाही.

गाडीत हीटर चालू होता, तरी काचा आतून गोठल्या होत्या. बाबा सरळ वर गेले. आई स्वयंपाकघरात होती, तिने माझ्याकडे बघितलं आणि गॅस बंद केला. मी तिला सगळं सांगितलं, अजूनही तावातावाने, आपलंच बरोबर आहे अशा सुरात. मग तिने दोन वाट्या घेतल्या, टेबलावर एकमेकींपासून हातभर लांब ठेवल्या, आणि शेंगदाण्यांच्या डब्यातून एक दाणा काढला.

“हे त्यांनी मला काल रात्री तू वर गेल्यावर दाखवलं,” ती म्हणाली. “ही ग्लेनची वाटी. ही तुझी. पहिल्यांदा मोजतात तेव्हा दाणा इथे.” तिने दाणा पहिल्या वाटीत टाकला, टणकन आवाज झाला. “ग्लेनला आधी शब्द दिलेला, तो इथे पुरा झाला. मग अर्धा तास देतात. पुस्तकात लिहिलंय, मार्करने खुणा करून वाचलंय त्यांनी. अर्ध्या तासात कोणीही उठून कुठेही जाऊ शकतो. आणि खरं मोजणं दुसरंच. मग दाणा...” तिने तो उचलला आणि दुसऱ्या वाटीत ठेवला. या वेळी आवाज झाला नाही. “ग्लेनला त्यांनी कालच ऑफिसात सांगून टाकलं होतं. पहिल्यांदा तुझ्याकडे उभा राहतो, मग माझ्या मुलीकडे जाणार. तो हसला म्हणे, जरूर जा म्हणाला. तुलाच तेवढं सांगायचं राहिलं होतं. तू त्यांना आठवडाभर तोंड उघडू दिलं नाहीस.”

मी त्या वाटीकडे बघत होते.

“कशावर विश्वास नाही म्हणालीस त्यांचा?” आईने विचारलं. तिचा आवाज मी कधीच तसा ऐकला नव्हता. “परत म्हण ना. इंग्रजीत म्हणालीस ना तिथे? मला मराठीत सांग.”

मी वर गेले, त्यांच्या खोलीच्या दाराशी उभी राहिले. दार उघडंच होतं, ते पलंगावर बसून पायमोजे काढत होते. मी सॉरी म्हटलं. रागात पळणारी माझी मराठी शरमेतही पळते, हे मला तेव्हा कळलं. ते म्हणाले, “असू दे. तू जेवलीस का?” मी नाही म्हटलं. ते म्हणाले, “मग जेव जा.” यापुढे तो विषय आमच्यात निघाला नाही. हिरव्याने महिन्याभरात माघार घेतली. आमच्या सोळाच्या जागी सतरा असते तरी घेतलीच असती. लोक माझी समजूत घालायला हे सांगतात तेव्हा मला त्यांचा राग येतो, कारण मला हरल्याचं दुःख कधी नव्हतंच.

नोव्हेंबरातही बाबा मतदानाला गेले नाहीत. मी माझं पहिलं मत दिलं, आई गाडीत बसून होती. खरे काका थोड्याच दिवसांत बदली होऊन सांता क्लाराला गेले. मी कॉलेजसाठी दुसऱ्या राज्यात गेले.

चार वर्षांनी नाताळच्या सुट्टीत घरी आले तेव्हा पुन्हा तोच हंगाम होता, पुन्हा पाट्या. रविवारी सकाळी बेल वाजली. मी जिन्यात होते. दारात एक मुलगी उभी होती, माझ्याहून थोडी लहान, नाक लाल, लोकरी मोजा घातलेल्या हातात पॅड. तिने घाईघाईने आपल्या उमेदवाराचं नाव सांगितलं आणि कार्ड पुढे केलं. ती थरथरत होती. माझ्या कानांनी आपोआप पुढच्या वाक्याची वाट बघितली. कम इन, कम इन.

“नो, थँक यू,” बाबा म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

आवाजात राग नव्हता, काही नव्हतं. ते माझ्या शेजारून टेबलाकडे गेले आणि बसले. लहानपणापासून ज्यांनी एकदा तरी नाही म्हणावं म्हणून मी जळत होते, ते नाही म्हणाले होते. मी खिडकीतून त्या मुलीला शेजारच्या घराकडे जाताना बघितलं. मग आईने बशा मांडल्या. पोह्यांची कढई टेबलावर आली तेव्हा मी आत डोकावले. आमच्या तिघांच्या तीन बशा भरल्यावर कढईत काही उरलं नाही.